कमरेवर दोन आकडे

बत्तीस वर्षं मी नोटांचे आकडे तपासले,
नाशिक रोडच्या प्रेसमध्ये, खिडकीकडचं टेबल.
शाई फुटलेली, कड सरकलेली,
एखादा सात जरा जास्तच वाकलेला;
दिसला की लाल फुली,
आणि तो अख्खा कागद भट्टीकडे.
चूक बाहेर जाऊ द्यायची नाही, एवढंच शिकले.

निवृत्त झाले तेव्हा तसलंच एक भिंग घेतलं.
विकत. प्रेसमधून टाचणीसुद्धा घरी येत नाही.

तर ही मुंगी.
वालदेवीच्या काठी बाळनाथ निमसेची नर्सरी,
तिथे सुपारीच्या कुंडीवर चढत होती.
काळी, पण मुंगळ्यासारखी मळकट काळी नाही,
तव्यावर तेल फिरवावं तशी.
चालता चालता मध्येच थांबायची,
किल्ली घरात राहिल्यासारखी.
ओला ब्रश टेकवला, अत्तराच्या रिकाम्या कुपीत घेतली,
वरून स्पिरिट.
बाळनाथ म्हणाला, ताई, मुंग्याच पाहिजेत तर पोतं भरून देतो.

रात्री ट्यूबलाइटखाली
त्रिकोणी कागदाच्या टोकावर चिकटवली.
शृंगिका: बारा सांधे. परत मोजले. बारा.
कंबर: एकच गाठ.
आणि त्या गाठीवर मागे वळलेले दोन आकडे,
खाटकाच्या दुकानात बकरा टांगतात तसले.
मला एकटीला हसू आलं.
जन्म आकड्यांत गेला,
अजून हे दोन राहिलेच होते.

पुस्तकात सापडली, पान दोनशे अकरा.
तेच आकडे, तीच पाठ.
खाली तिचं गाव:
कारवारच्या दक्षिणेला, ओलं रान, दाट सावली.
नकाशावर टिंबं होती, सगळी खाली,
समुद्राच्या कडेकडेनं.
नाशिकवर कोरा कागद.

सवयीनं हात लाल पेनाकडे गेला.
फुली कशावर मारायची
ते कळेना.

बंगळुरूच्या ललितांबा मॅडमना फोटो धाडले.
त्यांनी आधी विचारलं,
लेबलांची अदलाबदल तर झाली नाही ना?
लेबलांची. माझ्याकडून.
मी उत्तरात फक्त तारीख, वेळ
आणि कुंडी फाटकापासून कितवी ते लिहिलं.
दोन दिवसांनी आलं: तीच आहे.
पण एका मुंगीनं नकाशा हलत नाही.
वाट चुकून आली, की राहायला आली?
पिल्लं बघा.

गेले. बाळनाथनं पाण्याची नळी सोडली होती;
मुंगीला मुताचा पूर म्हणतात,
इथे तो रोज साडेचारला येतो.
त्या पुराच्या वर, सुपारीच्या दोन पात्यांमध्ये
रेशमानं शिवलेली, बटव्याएवढी पिशवी,
वाळक्या पानांची ठिगळं, थोडी माती,
आणि एकजण तोंडात पांढरं बाळ धरून
आत शिरताना.
दहा मिनिटं मी वाकलेलीच.
गुडघ्यांनी नंतर हिशेब मागितला.

रोपं कुठली, विचारलं.
होन्नावरची, ताई. ट्रकनं आली. दोन वर्षं झाली की.

म्हणजे दोन उन्हाळे काढले हिनं,
पारा एकेचाळीसवर गेला तो मे धरून,
हिरव्या जाळीच्या सावलीला रान समजून.
किंवा न समजता.
मी नवीन लेबल लिहिलं,
अक्षर इतकं बारीक की भिंगाशिवाय मलाच लागेना.

शनिवारी कुंडीची जागा रिकामी.
फरशीवर नुसता ओला गोल.
विकली ना, कालच. सिन्नरला, कंपनीच्या ऑफिसात.
एसीत ठेवणार म्हणाले.

आता सिन्नरच्या बसमध्ये खिडकीशी बसलेय.
पिशवीत भिंग, कुपी, डब्यात मेथीची भाजी.
वॉचमन विचारेल, कोणाकडे काम आहे?
त्याला काय नाव सांगायचं
ते अजून ठरत नाही.
कंडक्टरनं माझी नोट उजेडात धरली, उलटसुलट केली.
घ्या हो, म्हटलं,
बघितलेली आहे मी.