बिनकाट्याचं

हिंगात मैदा असतो
हे मला सेहेचाळिसाव्या वर्षी कळलं,
लक्ष्मीपुरीत, दुकानाच्या पायरीवर,
चष्मा कपाळावर ढकलून
डबीच्या पाठीवरची मुंगीएवढी अक्षरं वाचताना.
शाळेत एवढं वाचलं असतं
तर उद्यमनगरात लेथ चालवत बसलो नसतो.

हेमांगी आचऱ्याची.
तिच्या माहेरी ताटात मासा नसला
तर विचारतात, आज कुणाचा उपास?
गगनबावड्याचा घाट चढून येणारा टेम्पो
मंडईत किती वाजता लागतो,
हे तिला माझ्या पगाराच्या तारखेपेक्षा पक्कं ठाऊक.

मग भाच्याच्या बारशाला
कोळंबीच्या दुसऱ्या घासाला ओठ सुजले,
मागोमाग गळा.
आणि वर्षभर जे पोट दुखत होतं
त्याचंही नाव त्याच आठवड्यात कळलं.
डॉक्टरांनी चिठ्ठीवर दोन ओळी लिहिल्या:
समुद्रातलं काही नको.
गव्हाचं काही नको.
ती हसली. खरंच हसली.
'म्हणजे रव्यात घोळवलेला बांगडा
एका दगडात...'
पुढं बोलली नाही.

आता दर सोमवारी सकाळी सहाला
मी मगदुमांच्या गिरणीच्या दारात.
गव्हाच्या आधी आमची ज्वारी, आमचे तांदूळ.
त्याच्याही आधी शेरभर कण्या दळतो तो,
जातं पुसून निघावं म्हणून,
आणि ते पीठ त्याच्या म्हशीला जातं.
आमच्या दुखण्यावर एक म्हैस
चांगली धरली आहे अंगानं.

आधी सुरण आणला. खाजला.
तेवढ्यानंच दोघं घाबरलो,
गोळी मुठीत धरून
पंधरा मिनिटं एकमेकांचा गळा बघत बसलो.
अळिंबी कोळंबीच्या जवळपास गेली
आणि रबर होऊन परत आली.
फणस तर मटणाच्या बाजूचा,
अस्सल कोल्हापूरकर निघाला.
वांगं वांगंच राहिलं, त्याला काय बोलणार.

कपिलतीर्थात आक्काताईनं
कच्ची केळी तोलता तोलता विचारलं,
'मासं सोडून केळं? माळ घातली काय, पावणं?'
मी म्हटलं, तसंच समजा.
तिनं एक केळं वर टाकलं, फुकट.

तवा नवा घेतला.
जुन्यात अठरा वर्षांचे मासे मुरलेले,
तो कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवलाय,
टाकवला नाही.
केळ्याचे तिरके काप, सुरमईच्या तुकड्याएवढे जाड,
हळद, संकेश्वरी मिरची, आगळ,
वरून तांदळाचं पीठ.
आणि आमटी तिच्याच हातची:
ओलं खोबरं, धणे, आणि शेवटी
ठेचून टाकलेली तिरफळं.

तिरफळं पडली तसा वास जिन्यात गेला.
शेजारच्या आत्तारभाभी दार वाजवून म्हणाल्या,
'आज ताजा गावला वाटतं?'
हेमांगी दारात उभी, हातात पळी,
हो म्हणावं की नाही
हे तिला ठरवता येईना.

जेवायला बसलो.
तिनं काप उचलला, आणि खायच्या आधी
अंगठा आणि बोट
त्याच्या मधोमध दाबून फिरवलं,
एकदा, मग उलट्या बाजूनं.
काय शोधतेस, मी विचारलं नाही.
'ही सुरमई नाही,' ती म्हणाली.
नाही.
'मीठ कमी पडलंय.'
मीठ दिलं.
दुसरा काप तिनं न दाबता खाल्ला,
तिसऱ्याला बोटं पुन्हा आपसूक गेली.

भात कालवताना आमटीतलं एकेक तिरफळ
ती वेचून ताटाच्या कडेला ठेवत होती,
डाव्या हाताला, वरच्या बाजूला,
काटे ठेवायची तिथंच.