सतराव्या पानावरची पेन्सिल

नवीन आलंय का काही, विचारता तुम्ही
हेल्मेट काढायच्या आधीच.
आलंय. बसा.
बाजाराच्या दिवशी पुण्याहून गठ्ठा उतरला,
सुतळी मीच कापली :
अकरा पुस्तकं. त्यांत सात खून, दोन अपहरणं,
एक विषप्रयोग
आणि एक चुकून आलेलं, लोणच्यांचं.

पण तुमच्यासाठी त्यातलं नाही ठेवलेलं.
ते जाडजूड, सोनेरी अक्षरांचं, खाली ठेवा.
चाळिसाव्या पानावर तुम्हाला कळेल की माळी निर्दोष आहे,
लेखकाला ते कळायला
दोनशे पानं जातात.
विषाचं नार्वेकरबाई नेत नाहीत, नवरा गेल्यापासून.
मी विचारत नाही.
डिचोलीत वाचनालय चालवायचं
तर पाद्रीसारखे नुसते कान ठेवावेत.
फोंडू हवालदार पेन्शनीत आले तरी म्हणतात,
‘असा तपास होत नसतो हो’,
आणि दर शनिवारी तीन नेतात.

हे घ्या.
जानेवारीतलं आहे, लेखिकेचं पहिलंच.
मांडवीतून लोखंडाची माती नेणारी बार्ज,
रात्री सात खलाशी, जेवणाला सहा ताटं,
आणि कुणाच्याच ते लक्षात येत नाही.
प्रेत रंगवत बसत नाही ही बाई.
मेलेल्याच्या खिशातली पोदेराची उधारी सांगते,
अकरा पाव, दोन काकणं,
तिथं माझा चहा गार झाला.

एक मात्र आधीच सांगते, मागाहून भांडू नका :
सतराव्या पानावर, समासात,
पेन्सिलीनं कुणीतरी लिहिलंय,
‘खुनी तांडेल.’

मी काय संतापले होते!
रजिस्टर काढलं. पाच जणांनी नेलेलं.
हवालदार निळ्या बॉलपेनशिवाय सही करत नाहीत.
मिनेझिस मराठी वाचतात बोट ठेवून,
सतराव्या पानाला त्यांना आठवडा लागतो.
शिरोडकर मास्तरणीच्या ‘ल’ला शेपूट असतं.
तन्मयी नववीतली,
ती समासात फक्त मांजरं काढते.

उरले सावईकर.
खाणीच्या वजनकाट्यावर बावीस वर्षं कारकून,
कानामागे कायम पेन्सिल.
‘पेन्सिलच का?’ मी विचारलं होतं एकदा.
‘आकडे बदलावे लागायचे, बाय,’ म्हणाले,
आणि खिडकीबाहेर बघत राहिले,
जिथं तेव्हा एकही ट्रक नव्हता.

फेब्रुवारीत गेले ते.
पुस्तक सुनेनं आणून दिलं, दंडाच्या पैशांसकट.
दंड मी घेतला नाही. रागावलेली होते तरी.
मग एका दुपारी वीज गेली,
गिऱ्हाईक नाही, मी दाराच्या उजेडात पानं उलटत बसले
तर कोपऱ्यांवर तांबूस बोटं.
खाण बंद पडली, पण त्यांच्या छपरावरून
अजून उतरते ती माती.
पान वीस, पान साठ, पान शंभर,
दर पानाला एक अंगठा.
एकशे बाराला कदंबच्या बसचं तिकीट, साखळी ते डिचोली.
एकशे तेरा स्वच्छ.
पुढची सगळी स्वच्छ.

म्हणजे त्यांनी फोडलं नव्हतं हो काही.
पैज लावली होती,
आणि निकालाआधीच उठून गेले.

खोडरबर आणलं होतं मी, चार रुपयांचं.
ते ड्रॉवरमध्ये आहे अजून, कोऱ्या कागदात.

तांडेलच का?
ते मी सांगायचं नाही. तेवढ्यावरच तर
हे दुकान उघडं आहे.
शेवटचं प्रकरण वाचताना मी दोनदा म्हणाले,
‘सावईकर, ऐकताय ना?’
एकदा हसून. दुसऱ्यांदा कसं, ते वाचा तुम्ही.

सात दिवसांत परत करा.
जमलं तर पेन्सिल आणा घरून,
अठराव्या पानाचा समास कोरा आहे.
आणि अहो,
हेल्मेट राहिलं बघा.