छातीची उंची

जमिनीपासून एक मीटर सदतीस सेंटिमीटर.
नियम म्हणतो, घेर इथेच मोजायचा.
कागदावर तिला म्हणतात छातीची उंची;
कुणाच्या छातीची, ते लिहिलेलं नाही.
माझ्या हनुवटीला लागते ती.

तिऱ्ह्याच्या अलीकडे, डाव्या हाताला,
सकाळी सातपासून आम्ही दोघं :
मी, आणि टेपचं दुसरं टोक धरणारा इरण्णा.
लिंब, लिंब, चिंच, बाभूळ, लिंब.
तो मागून हात घालतो, मी पुढून.
खोडाआड बोटांना बोटं लागली
की चटकन हात काढून घेतो
आणि आकडा जरा जास्तच मोठ्यानं सांगतो.

मिठी मारल्याशिवाय घेर निघत नाही,
हे प्रशिक्षणात कुणी बोललं नव्हतं.
रात्री खोलीवर ओढणी झटकली :
साल, डिंक, एक जिवंत मुंगळा.

चिंच, क्रमांक एकशे चौऱ्याऐंशी.
टेप पुरेना. कासरा आणला
शेंगाचटणी विकणाऱ्या महानंदाबाईंकडून.
"वय किती असेल?"
"माझं का हिचं? माझं रेशनकार्डावर हाय की."
मी लिहिलं : अंदाजे नव्वद.

ट्रक गेला की पोपट उडतात,
पुढचा यायच्या आत परत बसतात.
पोपट : आहेत. संख्या : ठरत नाही.
टिटवी : सीमेच्या खुंटीशी, खडीत तीन अंडी,
खडीसारखीच; इरण्णाचा पाय थोडक्यात चुकला.
तक्त्यात याला रकाना नाही. शेऱ्यात लिहिलं.
साहेबांनी फोनवर विचारलं,
"परिणाम तात्पुरता की कायमस्वरूपी?"
अंडी तर तात्पुरतीच असतात, सर.

एका झाडामागं दहा लावणार आहेत.
कुठे, तेही ठरलंय : पलीकडच्या माळावर,
जिथं झाड नाही म्हणूनच
चंडोल गवताच्या बुडाशी घर करतो.
हेही लिहिलं. शेऱ्याची जागा संपली.

रस्ता नको, असं मी म्हणत नाही.
मंगळवेढ्याहून येणारी ॲम्ब्युलन्स
उसाच्या ट्रॉल्यांमागं पाऊण तास अडकली,
तेव्हा आत माझे मामा होते.
या रस्त्याला मी तोंडभर शिव्या घातल्यात,
याच झाडांखाली उभं राहून.
त्यासाठी रकाना असता
तर कोणत्या बाजूला बेरीज धरली असती, कळत नाही.

दिवस कलला तसा पांढरा रंग संपला.
शेवटचा लिंब बिननंबरी राहिला.
"उद्या घालू की," इरण्णा म्हणाला.
मी वहीत एक ओळ मोकळी सोडली.