कडेचा तुकडा

जेवायचंय म्हणता?
मग आधी बंदराकडे पाठ करा.
पाण्याकाठच्या ज्या दुकानांनी फळ्यावर सहा भाषांत मासे लिहिलेत
तिथल्या माशांनी जेनोवाचं पाणी
मरतानाही पाहिलेलं नाही.

मी या धक्क्यावर एकतीस वर्षं पोती वाहिली.
कॉफीची, कोकोची, एकदा तर नुसत्या लवंगांची.
आठवडाभर मानेला वास;
निकला म्हणायची, नवरा नाही, मसाल्याचा डबा घरी आलाय.

तर, कमानींखालून जा.
तळणीचा धूर लागेल. थांबू नका.
थांबलातच तर अँकोव्हीचा एक कागदी पुडा घ्या,
चालता चालता संपवा, शेपटीसकट.
मग डावीकडचा बोळ,
इतका अरुंद की समोरून कुणी आलं
तर एकानं दारात शिरायचं आणि त्या घरच्यांची खुशाली विचारायची.
वर दोऱ्यांवर चादरी,
आभाळ म्हणाल तर पट्टीएवढं.

तिथे एक बंद शटर दिसेल, हिरवं,
खाली मांजराचं वाडगं.
ते आमचं.
म्हणजे निकलाचं. मी फक्त लाकडं फोडायचो.
तांब्याची परात, माझे हात पसरले तरी पुरायचे नाहीत एवढी,
तिच्यात चण्याचं पीठ, पाणी, मीठ, तेल.
एवढंच.
आणि तरी फारिनाता रोज वेगळी.
दक्षिणेचा दमट वारा सुटला की ती पाणी दोन घोट कमी घालायची,
खिडकीबाहेर हात काढून, बोटं चोळून ठरवायची.
हवामान खात्यावर तिचा विश्वास नव्हता.

आता समोर पाहा.
चार पावलांवर अर्मिदाचं दुकान.
तेच पीठ, तशीच परात, तसलीच भट्टी.
बावीस वर्षं दोघींचा अबोला.
लाकडाच्या एका मोळीवरून सुरू झाला,
पुढे कारणाचीही राख झाली.
एकीनं शटर उघडलं की दुसरी पाठ फिरवायची.
आमचं गिऱ्हाईक चुकून पलीकडे गेलं
तर रात्री घरी सूप खारट.

जेवायला तिथे जा.
हो, अर्मिदाकडे.

रांग असेल. परात भट्टीतून निघेपर्यंत कुणालाच काही मिळत नाही,
वकिलाला नाही, पोलिसाला नाही,
क्रेनवरून उतरलेल्या उपाशी पोरालाही नाही.
मग सुरी फिरते. वरून खरपूस, आत सायीसारखी.
कागदावर, हातात. काटा मागितलात तर परके ठराल;
तसे तुम्ही आहातच, पण मागू नका.

निकला गेली त्या फेब्रुवारीत
नवव्या दिवशी मी त्या रांगेत उभा राहिलो.
घरात खायला नव्हतं असं नाही,
शेजारणींनी आणलेली तीन पातेली तशीच होती,
पण घास उतरेना.
रांग गप्प झाली. लोक आपापल्या बुटांकडे बघायला लागले.
अर्मिदानं मान वर केली नाही.
कडेचा तुकडा कापला, जरा जास्त भाजलेला,
मिरपूड घातली,
थांबली,
पुन्हा घातली.

दोनदा. मध्ये थांबून.
तसं फक्त निकला करायची, फक्त माझ्यासाठी,
भट्टीमागे, गिऱ्हाइकं पांगल्यावर.
बावीस वर्षं पाठ करून उभ्या असलेल्या बाईला
हे दिसलं कुठून?

मी विचारलं नाही. तिनं पैसे पूर्ण घेतले,
सुटे मोजून परत दिले.
बरं वाटलं.
फुकट दिलं असतं तर पुन्हा गेलो नसतो.

दोनच्या आत पोचा, नंतर ती भट्टी विझवते.
तुल्लिओनं पाठवलं म्हणून सांगा.
उपयोग नाही, म्हणेल, कोण तुल्लिओ?
तरी सांगा.
आणि आज वारा दक्षिणेचा आहे.
पीठ सैल लागलं
तर तिला नका बोलू,
परत येताना मला सांगून जा.