शेरा

तहसीन मॅडमनी वही दिली, निळ्या पुठ्ठ्याची.
आत रकाने: किती प्यालो, किती गेलं,
लघवी, वजन, ताप.
कडेला एक बारीक रकाना, 'शेरा'.
त्यात काय लिहू, विचारलं तर म्हणाल्या,
काही वेगळं वाटलं तर.

वहीवर नाव नाही. मी क्रमांक अकरा.
तसा अंबादास बोगम, कामानं जॉबर,
चोवीस वर्षं टॉवेलाचे माग लावले
दत्तनगरच्या शेडमध्ये.

गेल्या चैत्रात पोटातली रक्ताची नळी तुंबली.
आतडं काळं पडलं, कापून काढलं.
किती उरलं ते डॉक्टर हत्तुरे हातवारे करून दाखवायला लागले.
म्हटलं, साहेब, इंचात सांगा.
तीस.
म्हणजे टॉवेलाची लांबी नव्हे. रुंदी.
एवढ्यावर माणूस भागत नाही, ते म्हणाले,
म्हणून रात्रीचं जेवण शिरेतून.

पिशवी दुधासारखी पांढरी. दूध नव्हे.
संध्याकाळी सातला लागते, पहाटे पाचला सुटते.
तिच्यासाठी हप्त्यानं फ्रीज आला,
आमच्या घरातला पहिला.
शेजारणी बर्फ मागायला येतात,
बालमणी दार उघडत नाही.

ती विड्या वळायची ह्याच खोलीत.
आता सूप घेऊन बाहेर पायरीवर बसते, मेच्या उन्हात,
कारण लाईनला तंबाखूची धूळ चालत नाही.
हजार भरल्या की कोपरापर्यंत हात धुते,
नखं घासते,
टोपणावर स्पिरिटचा बोळा दाबून मोजते,
ओकटी, रेंडू, मूडू,
माझ्या छातीशी वाकून, श्वास धरून.
एकदा मोजताना लाईट गेली.
तिनं पुन्हा ओकटीपासून धरलं.

तरी श्रावणात हुडहुडी भरलीच.
एकवीस दिवस वॉर्डात.
तिनं कुणाला काही विचारलं नाही,
नुसती आपली बोटं हुंगत बसली होती.

अभ्यासाची सुई रोज पोटावर.
कुणाच्या बाटलीत औषध, कुणाच्या नुसतं पाणी.
माझ्यात काय, डॉक्टरांना ठाऊक नाही,
मॅडमना नाही.
पुण्यात कुठंतरी कुलपात आहे ते उत्तर.
सहीआधी तीनदा वाचून दाखवलं:
तुम्ही कधीही, कारण न देता, सोडून जाऊ शकता.
मला हसू आलं.
मालक असं कधी बोलला नव्हता.

मॅडम विचारतात, भूक किती? शून्य ते दहा.
म्हटलं, पोटाची का तोंडाची?
त्यांचं पेन थांबलं.
फॉर्मवर एकच रेघ होती.
तोंडाची सांगायची तर
शेजारी खलबत्त्यात शेंगाचटणी कुटतात,
लसूण पडतो तो आवाज मला कळतो.
पोटाची विचाराल तर
तिथं कुणी राहत नाही.

गल्लीत म्हातारे अजून विचारतात, तिन्नारा?
जेवलात का?
हो म्हटलं तर खोटं, नाही म्हटलं तर ताट वाढतात.

क्रमांक सात अक्कलकोटचा पोरगा,
तपासणीच्या बाकावर शेजारी बसायचा,
मोबाईलवर कुस्त्या बघायचा.
गेल्या वेळी बाकावर मी रुमाल टाकून जागा धरली.
मॅडमनी रुमाल उचलून माझ्या हातात दिला,
म्हणाल्या, चला, वजन करू.

आज लघवी अकराशे. वजन एकावन्न.
हत्तुरे साहेबांनी वही मागंपुढं चाळली
आणि आठवड्यातून दोन पिशव्या कमी केल्या.
मंगळवार आणि शुक्रवार.
औषधानं झालं का पाण्यानं, मी विचारलं नाही.
विचारलं असतं तरी कुलूप पुण्यात.

पहिला मंगळवार.
सात वाजले, बालमणीनं सवयीनं हात धुतले,
मग ओले हात तसेच धरून खोलीत उभी.
रात्री मी उजव्या कुशीवर वळलो, नळी नव्हती,
आणि पुन्हा डावीकडं, उगाच.
ती जागी होती. म्हणाली, काय करलालाव?

शेरा: वळलो.