नेफा

पहाटे साडेचारला पहिल्यांदा ऐकला तो आवाज :
खट्.
शालनला वाटलं, दाराची कडी.
कडी नव्हती. उजव्या हाताची अनामिका
रात्रभर तळव्यात डोकं खुपसून पडलेली;
डाव्या हातानं धरून सरळ केली
तेव्हा मिटत्या चाकूच्या पात्यासारखी उघडली
आणि कळ कोपरापर्यंत गेली.

चाळीस वर्षं मांडवीत कापड कापतोय.
मेरठची कात्री, बारा इंची, लोखंडी.
तिनं अंगठ्याला घट्टा दिला, मधल्या बोटाला दिला.
अनामिकेचं कुणी नाव काढलं नव्हतं कधी.
नावच नाही तिला.

नवरात्राआधीचा महिना,
आठ-आठ मीटर घेराचे चणिये भिंतीशी गठ्ठ्यांनी,
आणि कात्री मिटली की बोट मिटलेलंच.
एक मुलगी सुटे मागते, मी मूठ पुढे करतो,
मूठ उघडत नाही.
"काका, आपो ने," म्हणते ती, हसून.
मीही हसतो. कसं सांगू,
पैसे मी धरून ठेवले नाहीत, पोरी.

सल्ले मात्र मोकळ्या हातानं मिळाले.
एरंडेल चोळा. कोमट पाण्यात मीठ टाका.
वरच्या मजल्यावरच्या तारकसबेन म्हणाल्या,
आजवर कुणाकुणाकडे बोट दाखवलंत ते आठवा.
आठवलं. यादी लांब निघाली.
एरंडेलानं एवढंच झालं,
तीन खणांवर डाग पडले, भरून द्यावे लागले.

सयाजीच्या ओपीडीत नंबर सत्तावन्न.
भावसार डॉक्टर, माझ्या धाकट्याच्या वयाचे,
म्हणाले, ट्रिगर फिंगर. ट्रिगर म्हणजे बंदुकीचा घोडा, काका.
मी तर दिवाळीतलं टिकल्यांचं पिस्तूलही
थोरल्या भावाकडे मागून उडवलेलं.
साखर आहे का? आहे, बारा वर्षं.
मग माझ्याच तळव्यावर पेनानं त्यांनी
एक बोगदा काढला, आतून जाणारी दोरी,
दोरीला आलेली सूज. बोगद्याच्या तोंडाशी अडते,
जोर लावला की खट्.

अहो, मी म्हणालो, हा तर नेफा.
नाडीला गाठ पडली की आत अडकते;
लोक लेंगा घेऊन येतात दुकानात
आणि नाडीशीच भांडत बसतात.
डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.
"मग तुम्ही काय करता?"
नेफ्याचे दोन टाके उसवतो. नाडीला कात्री लावत नाही.
"तेच. पण आधी न उसवता बघू."

रात्री पट्टी, ॲल्युमिनियमची, आत निळा स्पंज.
मग एक सुई. तीन दिवस साखर चढली,
पुढच्या आठवड्यात बोट लोण्यासारखं.
उत्तरायणापर्यंत चाललं.
त्या दिवशी गच्चीवर मी फिरकी धरलेली,
पुतण्याचा पतंग कोठीच्या दिशेनं गेलेला,
"ढील द्या काका, ढील!"
आणि बोट फिरकीच्या दांड्यावर अडकून बसलं.
पतंग गेला. पुतण्या दोन दिवस बोलला नाही.

फेब्रुवारीत उसवलं.
पडद्यापलीकडे माझा हात, बधिर, उसना आणल्यासारखा.
कापणाऱ्याला दुसऱ्याचं कापणं आवाजावरून कळतं :
लहान पातं, धार चांगली, घाई नाही.
मिटा, म्हणाले. मिटलं.
उघडा.
उघडलं.
पुन्हा.
पुन्हा उघडलं, काही वाजलं नाही.
दहा मिनिटांचं काम.
लेंग्याला मी याचे वीस रुपये घेतो.

तळव्यावर तांदळाएवढी खूण आहे.
कात्री फार वेळ धरली की दुखते अजून.
कड्यांना आतून चिंध्या गुंडाळल्यात,
जाड कापड आता नसीम कापते, मी खडूनं आखून देतो,
तिला सांगतो, मध्ये मध्ये हात सोड, मूठ उघड.
ती ऐकत नाही. मीही कुठं ऐकलं होतं.

साडेचारला जाग मात्र येते.
अंधारात बोट मिटतो, उघडतो,
कान देऊन राहतो.
शालन कूस बदलते, झोपेतच विचारते,
कडी लावलीत ना नीट?