बारकं चाक

व्ह्यूफाइंडरच्या उजव्या अंगाला
ज्वारीच्या दाण्याएवढं एक चाक असतं.
तीन वर्षं आम्हाला ते माहीत नव्हतं.

तीन वर्षं धनपाल म्हणायचा, लेन्स गेली वाटते.
मी म्हणायची, डोळे गेले तुझे.
मग दोघंही काच पुसायचो,
आधी तोंडाची वाफ देऊन, मग पदरानं,
आणि तरी लॉनवरचा नवरदेव
कुलरच्या ओल्या जाळीमागे उभा असल्यासारखा.

गंमत अशी की फोटो स्वच्छ यायचे.
अक्षतांचा दाणा न् दाणा मोजून घ्या.
कॅमेऱ्याला सगळं दिसत होतं.
दिसत नव्हतं ते बघणाऱ्याला.

सीताबर्डीच्या गल्लीतला दुरुस्तीवाला पोरगा
गालात खर्रा सांभाळत म्हणाला,
"बिघडलं काहीच नाही, मावशी.
तुम्ही बाहेर पाहूच नका.
आत, खाली, हिरवे आकडे दिसतात ना?
ते वाचता येईपर्यंत हे चाक फिरवा."

बाहेर न पाहणं इतकं अवघड असतं
हे मला तेव्हा कळलं.
समोर रसवंती होती, घुंगरू वाजत होते,
डोळा सारखा तिकडे पळायचा.
त्याला ओढून आणलं. आकड्यांवर बसवलं.
एक टिक. दोन टिक.
शेवयांसारखे विस्कटलेले आकडे
गोळा होत होत एकशे पंचवीस झाले,
बाजूला पाच पूर्णांक सहा,
आणि त्यांच्या मागे, न मागता,
रसवंतीवाल्याच्या बनियनचं भोक.

कॅमेरा कामठीच्या एका बाबूकडून घेतलेला, सेकंडहँड.
चाक त्या बाबूच्या डोळ्यावर थांबलेलं.
म्हणजे तीन वर्षं आम्ही
अख्ख्या सक्करदऱ्याची लग्नं
एका अनोळखी माणसाच्या नंबरातून लावली.

मग भांडणं सुरू झाली.
कॅमेरा एक, डोळे दोघांचे.
माझा नंबर उणे अडीच, त्याचा दिवाळीपासून अधिक एक.
हळद माझी, वरात त्याची,
बायकांच्या खोलीत मी, स्टेजवर तो,
आणि दर वेळी हातात येताच ओरड:
"कोनं फिरवलं वं हे? मले धुरकट दिसते!"
मीच. दुसरं कोण फिरवणार?
शेवटी माझ्या जागेवर मी लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला.
त्यानं त्याच्या जागेवर
खोडायच्या पांढऱ्या शाईचा.
दोन ठिपक्यांमध्ये पोटी नखाइतकीही जागा नाही.

परवा मानेवाड्याला हळद होती.
मे महिना, शेहेचाळीस अंश, मंडपाचं कापड तापलेलं.
नवरीची मामी एकदम परात घेऊन धावली
आणि मी चष्मा डोक्यावर सरकवून डोळा लावला.
चाक पांढऱ्यावर होतं.

सगळं पिवळं.
पिवळ्याला तोंड नव्हतं, हाताला बोटं नव्हती,
परात कुठे संपते, मामी कुठे सुरू होते, काही नाही.
मी हलले नाही.
इथं, ह्याच जागेवर, त्याला
लोकांच्या पापण्या दिसतात.
इथूनच तो मला रोज सांगत असतो,
अवं, एवढं साफ तर दिसते!
आणि मी म्हणत असते, कुठं?

टिप् असा आवाज झाला.
म्हणजे यंत्राला काहीतरी सापडलं होतं.
काय, ते मला माहीत नव्हतं.
मी बटण दाबलं.

रात्री कॉम्प्युटरपुढे तो बराच वेळ थांबला.
नवरीच्या भुवईतून हळदीचा एक थेंब
खाली यायच्या बेतात, आणि ती हसू दाबतेय.
"हा कसा काय पकडला, रेवता?"

मी काही सांगितलं नाही.
चष्मा शोधत होते.
तो डोक्यावरच होता.